दोन नोंदींमधला फरक : शहापूर-मुरबाडची जुनी बांधकामे आणि नवी साधने

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. पण मुंबईचे बंदर ज्या पिढीने बांधले त्याच पिढीचे एक मोठे दगडी काम शहापूरच्या जंगलात आजही रोज कामावर आहे. मुंबईची प्रिन्सेस डॉक १८८० साली सुरू झाली, तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. प्रिन्सेस आणि तिच्यानंतरची व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या पुढे भरून टाकण्यात आल्या. तानशाचे पाणी मात्र अजून मुंबईला जाते. जुन्या बंदरांचे धक्के तपासायला ड्रोन, सोनार, पाण्याखाली चालणारे रोबो आणि संगणकावरचे त्रिमिती नकाशे वापरण्याची पद्धत आता जगभर रूढ होते आहे. बंदराच्या अभियंत्याची अडचण तिहेरी असते : बांधकामाचा अर्धा भाग पाण्याखाली, मूळ आराखडे अपुरे, आणि तपासणीसाठी काम बंद ठेवण्याची सोय नाही. या तिन्ही अडचणी शहापूर-मुरबाडच्या धरणांना आणि जलवाहिन्यांना तशाच लागू पडतात. तरीही गोदीच्या भिंतीकडे जेवढे लक्ष जाते तेवढे डोंगरातल्या भिंतीकडे जात नाही, कारण ती रहदारीच्या वाटेवर नाही.

या दोन तालुक्यांत आणि त्यांच्या सीमांवर काय काय उभे आहे ते एकदा पाहायला हवे. तानसा मुंबई महापालिकेचे : सुमारे २.८ किलोमीटर लांब, ४१ मीटर उंच, चुन्यात बांधलेले दगडी धरण. भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाचे. बारवी औद्योगिक विकास महामंडळाचे. ते १९७२चे, पुढे त्याची उंची वाढवली आणि त्या बुडितात मुरबाडची गावे गेली. उत्तरेला वैतरणेवर मोडकसागर आणि त्याच्या वर २०१४ साली पूर्ण झालेले मध्य वैतरणा. कसाऱ्याच्या वर थळ घाटातला १८६५चा रेल्वेमार्ग, त्याचे बोगदे आणि दगडी पूल. मुंबई-नाशिक महामार्ग, माळशेज घाटाचा रस्ता, काळू, शाई, भातसई, उल्हास या नद्यांवरचे लहानमोठे पूल, आणि ज्यांची गणती क्वचितच कुठे एकत्र होते असे पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे, ओढ्यांवरच्या मोऱ्या. मुंबईच्या सात जलाशयांत मिळून वर्षभरासाठी १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर पाणी लागते. त्यातले ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर एकट्या भातशात आणि १ लाख ४५ हजार ८० तानशात. म्हणजे मुंबईकराच्या दहा लिटरमधले जवळजवळ सहा लिटर शहापूर तालुक्यातल्या दोन भिंतींच्या आधाराने उभे असते.

जुन्या बांधकामाची प्रकृती एका भेटीत कळत नाही. ती दोन भेटींमधल्या फरकात कळते, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. भिंतीला चीर आहे ही बातमी फारशी महत्त्वाची नाही. शंभर वर्षांच्या दगडी कामाला चिरा असतातच. ती चीर गेल्या वर्षी याच महिन्यात, धरणात एवढेच पाणी असताना, केवढी होती हे माहीत असेल तरच काही निष्कर्ष काढता येतो. डिजिटल साधनांचे खरे मोल त्यांच्या चकचकीत चित्रांत नाही. माणसाच्या हातून सातत्याने होत नाही ते काम ती करतात : एकाच जागेची, एकाच पद्धतीने, तारीख-वेळ-पातळीसह, वर्षानुवर्षे नोंद. ज्या तपासणीतून अशी तुलना हाती येत नाही तिच्यावर कितीही खर्च केला तरी तो बहुतेक वाया जातो; आणि ज्या नोंदीशी दुरुस्तीचा हुकूम बांधलेला नाही ती नोंदही तशीच वाया जाते.

पाझराचे उदाहरण घेऊ. प्रत्येक धरण थोडे पाझरते, आणि पाझर मोजायला पायथ्याच्या नालीत एक पत्रा बसवलेला असतो, त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीवर वाचायची आणि तक्त्यावरून प्रवाह काढायचा, इतकी साधी युक्ती. पण ही खाच बारीकशा चुकीचीही फार मोठी किंमत घेते. नव्वद अंशाच्या खाचेतून पाणी १० सेंटीमीटर उंचीने जात असेल तर पाझर सेकंदाला साधारण ४.४ लिटर. पट्टीवर ११ सेंटीमीटर दिसले की तोच साडेपाच लिटर. एका सेंटीमीटरात पाव हिश्शाने वाढ! आता जुलैतल्या पावसात, छत्री सांभाळत, शेवाळलेल्या पट्टीवर वाकून वाचणाऱ्या कर्मचाऱ्याकडून एका सेंटीमीटराची चूक होणे किती सोपे आहे ते पाहा. त्यात नालीत उतारावरचे पावसाचे पाणी मिसळलेले. त्याच्या वहीत आठवड्यातून एकदा एक आकडा पडतो, वही कपाटात जाते, आणि पुढचा कर्मचारी नवी वही सुरू करतो. तिथेच पाण्याची उंची दर पंधरा मिनिटांनी टिपणारा एक छोटा संवेदक, शेजारी पर्जन्यमापक आणि जलाशयाची पातळी मोजणारे दुसरे यंत्र असले, तर पावसाचे पाणी वजा करून निव्वळ पाझर काढता येतो. मग प्रश्न नीट विचारता येतो : पातळी तेवढीच, पाऊस थांबलेला, तरीही यंदा पाझर गेल्या वर्षीपेक्षा जास्त का? धरण बोलते ते या भाषेत, आणि ती ऐकायला अखंड नोंद लागते.

आतला दाब तर डोळ्यांना दिसतच नाही. तानसा पुरे झाल्यावर तीनच वर्षांनी, एप्रिल १८९५ मध्ये, फ्रान्समधले बूझे धरण फुटले आणि ८०हून जास्त माणसे मेली. भिंतीच्या सांध्यांत आणि पायाखाली शिरलेले पाणी भिंतीला वर उचलू पाहते, हा धडा दगडी धरणे बांधणाऱ्यांनी त्या दुर्घटनेपासून गांभीर्याने घेतला. त्याआधीच्या पिढीच्या आराखड्यांत हा दाब सहसा हिशेबात धरलेला नसे, आणि आतून हिंडून पाहण्यासाठी निरीक्षण-गॅलरीही ठेवलेली नसे. भिंतीत भोके घेऊन बसवलेले पिझोमीटर हा दाब सतत मोजू शकतात. मध्य वैतरणा हे १०२ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण एकविसाव्या शतकात बांधले गेले. अशा धरणात मोजणीची साधने बांधतानाच आत घालता येतात, त्याची जन्मनोंद तयार असते. तानशाच्या पिढीच्या धरणाला ती मागाहून द्यावी लागते आणि त्यासाठी आधी ठरवावे लागते की आजची स्थिती हीच आपली पहिली नोंद. रस्त्यांचेही तसेच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तोही याच शहापूर तालुक्यातून जातो. त्याच्या पुलांचे नकाशे संगणकात आहेत. त्याच्याखालून जाणाऱ्या गावरस्त्यावरच्या जुन्या मोरीचा साधा आराखडा मिळेल याची खात्री देता येत नाही. जुन्याची काळजी घेणे नव्यापेक्षा अवघड आहे ते इथे.

केवळ डोळ्यांनी केलेल्या पाहणीचे काय होते हे महाराष्ट्राने २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पाहिले. महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला कमानींचा पूल पुरात गेला, आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या. त्या पुलाची पाहणी त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी झालेली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. पाहणी करणाऱ्याने कामचुकारपणा केला असे धरून चालायचे कारण नाही. कोरड्या ऋतूत पुलावरून आणि काठावरून जे दिसते ते त्याने पाहिले असेल. पुराच्या वेगवान पाण्यात पायाभोवतीची माती, दगड खरवडून जातात आणि पूर ओसरला की गाळ त्या खड्ड्यात पुन्हा बसतो. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तळ सपाट दिसतो. पुरातच तळाची खोली मोजणारे सोनार खांबाला बसवले तर हा खड्डा पडत असतानाच कळतो. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाचा सांडवा फेब्रुवारी २०१७ मध्ये फुटला आणि १ लाख ८८ हजार लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनीही हेच नोंदवले की केवळ नजरेच्या पाहणीवर भिस्त ठेवणे पुरेसे नव्हते, मूळ आराखड्यांतले दोष पुन्हा तपासायला हवे होते. श्रीमंत देश, भरपूर अभियंते, नियमित तपासण्या, आणि तरी ही गत.

पाण्याखालच्या भागासाठी बंदरांचा अनुभव थेट उपयोगी पडतो. धक्क्याचे खांब पाहायला पूर्वी पाणबुडे उतरत. गढूळ पाण्यात ते हाताने चाचपून सांगत आणि त्यावरून अहवाल तयार होत. आता केबलने जोडलेले, कॅमेरा आणि सोनार लावलेले छोटे यान खाली सोडतात. पाणी गढूळ असले की कॅमेरा निकामी ठरतो, पण सोनारला ते चालते. तानशाचा पाण्याकडचा चेहरा याच यानाने पट्ट्यापट्ट्याने टिपता येतो. कोरड्या बाजूला ड्रोन. एक माणूस दोर लावून भिंतीवरून उतरला तर दिवसभरात थोडासा भाग पाहतो. ड्रोन काही दिवसांत अख्ख्या भिंतीची एकमेकांवर चढणारी हजारो छायाचित्रे घेतो आणि त्यांतून भिंतीची त्रिमिती प्रतिकृती तयार होते. त्या प्रतिकृतीवर प्रत्येक दगड आपल्या जागी असतो. चुन्याचे पांढरे ओघळ कुठे आहेत, दगडांमधल्या दर्जा कुठे मोकळ्या झाल्या आहेत, कोणत्या सांध्यात पिंपळ उगवला आहे, हे पुढच्या वर्षी त्याच दगडावर बोट ठेवून ताडता येते. पांढरा ओघळ म्हणजे पाण्यात विरघळून बाहेर आलेला चुना, म्हणजे भिंतीच्या पोटातून तेवढा कमी झालेला. ओघळ दरवर्षी थोडा रुंदावत असेल तर तो आकडा म्हणून दिसला पाहिजे. ड्रोनच्याही वरून पाहण्याची सोय आता आहे : ३० जुलै २०२५ रोजी भारत आणि अमेरिकेचा निसार उपग्रह अवकाशात गेला. तो दर १२ दिवसांनी त्याच भूभागावरून जातो आणि जमिनीची सूक्ष्म हालचाल टिपू शकतो. एका पुलाच्या चिरेसाठी त्याचा उपयोग नाही. माळशेजच्या उतारांसाठी किंवा मातीच्या बांधाच्या खचण्यासाठी मात्र तो मोठा आधार ठरू शकतो.

जमिनीच्या हालचालीचा मुद्दा या भागात पुस्तकी नाही. १९८३च्या पावसाळ्यात भातसा जलाशयाची पातळी आधीच्या वर्षांपेक्षा पुष्कळ वर गेली, आणि त्याच वर्षी खर्डीच्या परिसरात भूकंपांची मालिका झाली. त्यातला सर्वांत मोठा सुमारे ४.९ तीव्रतेचा. जलाशय भरल्याने जागे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेबरोबर भातशाचे नाव येते ते यामुळे. नोव्हेंबर २०१८ पासून शेजारच्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची लांबलचक मालिका चालली. सह्याद्रीच्या पलीकडे, अकोले तालुक्यातल्या भंडारदरा धरणाला १९६९ साली तडे जाऊन गळती वाढली आणि त्याला मागून टेकू देऊन बळकट करावे लागले. आता शहापुरात एखादा धक्का बसला तर तानसा, भातसा, मोडकसागर, बारवी, घाटातले रेल्वेपूल, महामार्गाचे पूल या सगळ्यांना तो एकाच मिनिटात जाणवणार. पण मालक निराळे असल्याने त्यांच्या नोंदी निराळ्या कपाटांत राहतात. एका धरणाचा पाझर धक्क्यानंतर वाढला आणि दुसऱ्याचा वाढला नाही, ही तुलना फार बोलकी असते. ती करायला दोन्ही आकडे एका पडद्यावर यायला हवेत.

नोंदी वेगवेगळ्या ठेवल्याने काय होते याचा दाखला जवळचाच आहे. ठाणे शहरात कूपनलिका खोदताना मुंबईच्या जलबोगद्याला छिद्र पडले आणि त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. ज्याने खोदले त्याच्यासमोर बोगद्याचा नकाशा असता तर हे टळले असते. इथे कोणताही महागडा संवेदक लागत नव्हता. लागत होता एक सामायिक नकाशा आणि खोदण्यापूर्वी तो पाहण्याची सक्ती. शहापूरपासून भिवंडीपर्यंत शेतांतून, पाड्यांजवळून जाणाऱ्या जलवाहिन्यांना हा प्रश्न दररोज लागू आहे.

कायद्याने वाट बरीच मोकळी केली आहे. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, धरणांवर मोजणीची साधने, संकटकाळाचा कृती आराखडा आणि पहिल्या पाच वर्षांत स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन, ही मालकाची जबाबदारी ठरली. केंद्रीय जल आयोगाची ‘धर्मा’ नावाची संगणकप्रणाली धरणांची माहिती एका जागी ठेवण्यासाठीच आहे, आणि नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेला अशा पाहण्यांचा कित्येक वर्षांचा अनुभव आहे. मोठ्या धरणांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला, दोन हजारांच्या वर. एवढ्या धरणांचे अहवाल कोणी रात्रंदिवस वाचू शकत नाही. म्हणून ज्या धरणाचा आकडा नेहमीची रेघ सोडून वर गेला ते आपणहून पुढे आणणारी व्यवस्था हवी. कायद्याच्या कक्षेत न येणारे लहान बांध आणि पूल यांचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

यावरचा पहिला आक्षेप असा की तानसा १३० वर्षे या यंत्रांशिवाय उभे आहे, मग आताच हा सोस कशाला? ते उभे आहे हे खरे, आणि त्याचे श्रेय दगडी काम करणाऱ्यांना, तसेच पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर चालत गेलेल्या देखभाल करणाऱ्यांना आहे. पण वय हे टिकाऊपणाचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. सावित्रीचा पूलही आदल्या दिवसापर्यंत उभाच होता. शिवाय धरणाखालची वस्ती १८९२ची राहिलेली नाही. खालच्या खोऱ्यात आज गावे, गोदामे, कारखाने, रेल्वे आहेत. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तेव्हा या भागात पाणी किती झटकन चढते ते सगळ्यांनी पाहिले. चुकीची किंमत वाढली की काळजीही वाढवावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो प्रत्यक्ष जागेवर काम करणाऱ्या अभियंत्यांकडून येतो. ही यंत्रे टिकत नाहीत, असे ते म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने धो-धो पाऊस, विजा, दमटपणा. जंगलात मोबाइलला रेंज नाही. उंदीर केबल कुरतडतात, माकडे सौरपट्ट्या हलवतात. आणि ज्या कंपनीने बसवले ती दोन वर्षांनी दुरुस्तीला येत नाही. हे सगळे खरे आहे. म्हणूनच थोडी आणि साधी साधने लावावीत. आकडे यंत्रातच साठतील आणि रेंज मिळाली की जातील अशी रचना हवी. प्रत्येक यंत्राशेजारी हाताने वाचायची पट्टी राहायला हवी, म्हणजे महिन्यातून एकदा दोन्ही ताडून यंत्र खोटे बोलत नाही ना ते पाहता येईल. आणि माहिती कोणत्याही एका विक्रेत्याच्या कुलपात न राहता मालकाच्या हाती, साध्या स्वरूपात राहील अशी अट निविदेतच घालायला हवी. शंभर संवेदक बसवून साठ बंद पडण्यापेक्षा दहा बसवून दहाही चालू ठेवणे केव्हाही बरे. यंत्र सांभाळणारी माणसेही स्थानिक हवीत. शहापूर आणि मुरबाडच्या आयटीआयमधून निघणाऱ्या मुलामुलींना ड्रोन उडवणे, संवेदक स्वच्छ करणे, पट्टी वाचणे शिकवता येईल. आणि जो चौकीदार वीस वर्षे तोच बांध रोज पाहतो त्याच्या निरीक्षणाला मोबाइलवर छायाचित्रासह नोंदवण्याची जागा देता येईल. यंत्रे आली म्हणजे माणसे कमी करायची असे ज्यांना वाटते त्यांनी हा खर्च न केलेलाच बरा. पावसाळी रात्री वाढलेल्या आकड्याचा अर्थ जाऊन पाहणारा माणूसच नसेल तर आकडा कोणासाठी?

तिसरा आक्षेप गोपनीयतेचा. धरणाची बारीकसारीक माहिती उघड केली तर घातपाताचा धोका वाढतो, असे सांगितले जाते. भिंतीचे त्रिमिती आराखडे आणि दरवाज्यांच्या यंत्रणा जपून ठेवाव्यात, यात वाद नाही. पण जलाशयाची पातळी, पाझराचा कल, शेवटच्या तपासणीची तारीख, सापडलेले दोष आणि ते दुरुस्त करण्याची मुदत एवढे सांगून कोणाचे घातपाताचे काम सोपे होत नाही. उलट दोष आणि त्याच्या दुरुस्तीची मुदत सर्वांसमोर नसली की काय होते ते चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्यात दिसले. २ जुलै २०१९च्या रात्री तिथले मातीचे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तिथे संवेदक नव्हता असे कसे म्हणायचे? गाव हाच संवेदक होता. त्याने सूचना दिली होती. कमतरता होती ती सूचना आल्यावर ठरावीक दिवसांत काय करायचे याच्या बंधनाची. इटलीत जेनोवाचा मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळून ४३ जण मेले, तेव्हा त्याच्या बळकटीकरणाचा प्रकल्प कागदावर मंजूर होता, काम सुरू व्हायचे होते. तिवरे आणि जेनोवा यांत साधनसंपत्तीचे अंतर प्रचंड आहे, पण चूक एकाच जातीची : माहिती आणि कृती यांच्यामधली रिकामी जागा. म्हणून डिजिटल तपासणीच्या प्रत्येक योजनेत प्रत्येक धोक्याच्या आकड्यापुढे अधिकाऱ्याचे पद, मुदत आणि राखून ठेवलेली रक्कम लिहिलेली असलीच पाहिजे. ज्या योजनेत हा रकाना नाही ती कितीही आधुनिक असली तरी मंजूर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेप, जो शहापूरच्या कोणत्याही गावबैठकीत पहिल्या पाच मिनिटांत उठेल. आमच्या उशाशी भातसा आणि तानसा, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. मुंबईच्या भिंती सुखरूप राहाव्यात म्हणून आम्ही कशाला धडपडायचे? या प्रश्नाला तांत्रिक उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पाण्याच्या वाटपाचा अन्याय संवेदकाने मिटणार नाही. भावली धरणातून गुरुत्वाने पाणी आणण्याची योजना शहापूरसाठी आखली गेली, ती पुरी होणे हाच त्याचा खरा उपाय. पण त्या योजनेच्या वाहिन्या, टाक्या, झडपा उद्या जुन्या होणार आहेत, आणि गावाच्या नळाला पाणी का येत नाही हे शोधायला दाबमापक आणि नकाशा लागणार आहे. म्हणून तपासणीची साधने एका मोठ्या धरणापुरती आणून भागणार नाही. मोठ्या धरणासाठी आलेला ड्रोन त्याच आठवड्यात शेजारच्या पाझर तलावाच्या बांधावरून आणि पाड्याकडे जाणाऱ्या मोरीवरून उडवायला किती जास्त खर्च येतो? फारच थोडा. ज्या मालकाला या भूमीतून पाणी मिळते त्याने आसपासच्या लहान बांधकामांची पहिली नोंद करून द्यावी, ही मागणी रास्त आहे. आणि बारवीचे स्वयंचलित दरवाजे उघडण्याचा, भातशातून विसर्ग सुरू होण्याचा इशारा खालच्या गावांना मराठीत, आकड्यांऐवजी कोणता पूल आणि कोणता साकव पाण्याखाली जाईल ते सांगत मिळायला हवा. आकड्यांचा हक्क जिथे वाटला जातो तिथेच त्यांच्यावर विश्वास बसतो.

राहता राहिली दुरुस्ती, आणि साधनांच्या उत्साहात तीच मागे पडते. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या दर्जा निखळ सिमेंटने भरल्या की बाहेरून काम देखणे दिसते, पण सिमेंट कडक आणि चुना मऊ. भिंत उन्हापावसात थोडी हलली की कडक पट्टी दगडाला सोडून सुटते, आणि तिच्यामागे अडकलेले पाणी दुसरीकडून वाट काढते. पाझर थांबवायचा तो पाण्याच्या बाजूने. कोरड्या बाजूला तो बुजवला तर आतला दाब वाढतो. भिंतीत दाबाने मिश्रण भरायचे म्हटले तर कोणत्या भोकात किती गेले आणि त्यानंतर शेजारच्या पिझोमीटरचा आकडा कसा बदलला हे लिहिलेले असेल तरच ते काम लागू पडले का ते कळते. तमिळनाडूतल्या कदमपराई धरणाच्या पाण्याकडच्या चेहऱ्यावर २००५ साली जलरोधक पडदा बसवला गेला, आणि त्याचा उपयोग किती झाला ते सांगता आले कारण आधीचा आणि नंतरचा पाझर मोजलेला होता. चुन्याचे प्रमाण, सुरखीची भट्टी, दगड कोणत्या खाणीचा, हे जाणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. त्यांच्याकडून हे ज्ञान टिपून घेणे आणि भिंतीच्या त्रिमिती प्रतिकृतीत प्रत्येक दुरुस्तीपुढे वापरलेले मिश्रण, तारीख आणि गवंड्याच्या पथकाचे नाव लिहिणे, हे काम येत्या एक-दोन हंगामांतच सुरू करावे लागेल. पुढच्या प्रकरणांत तानशापासून गावच्या मोरीपर्यंत एकेक बांधकाम घेऊन ते कसे करता येईल ते पाहिले आहे.